अंड्याचे कवच

नाशिकहून पश्चिमेकडे जाणारा रस्ता सावळघाट ओलांडतो आणि पेठ तालुक्यातील डोंगरपाडे दिसू लागतात. कुडाच्या भिंती, कौलारू छप्पर आणि परसात माती उकरणाऱ्या चार-दोन गावठी कोंबड्या, असे येथील अनेक घरांचे चित्र असते. शेती पावसावर अवलंबून. हाती रोख पैसा क्वचितच येतो. अशा घरात मीठमिरचीचा किंवा मुलांच्या वहीपेन्सिलीचा खर्च अंडी विकून भागतो. खुडूक कोंबडीखाली ठेवलेली अंडी तर पुढल्या वर्षाचे भांडवलच होय.

मात्र एखाद्या पावसाळी सकाळी डालगे उचलावे, तो खालच्या गवतावर पिचलेले अंडे आढळते. दुसऱ्या दिवशीचे अंडे तर कवचावाचून, नुसत्या पातळ पापुद्र्यात गुंडाळलेले! फुटक्या अंड्याची चव लागलेली कोंबडी पुढे चांगली अंडीही फोडू लागते. मग घरात तर्क सुरू होतात. कोणी म्हणते, दृष्ट लागली. कोणी म्हणते, कोंबडी निकामी झाली, विकून टाकावी. त्या मुक्या जीवाची बाजू मांडणारे कोणी नसते.

खरे पाहता ती कोंबडी कर्जात बुडालेली असते. अंड्याच्या कवचात शंभरांपैकी सुमारे ९५ भाग चुनखडीचे असतात. एक अंडे तयार होण्यास सुमारे २५ तास लागतात आणि त्यांपैकी २० तास कवच घडविण्यातच जातात. एका कवचास दीड ते दोन ग्रॅम कॅल्शियम लागते. नागली या बाबतीत श्रीमंत धान्य आहे. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात ते अगदीच थोडे. परंतु कोंबडीने दिवसभर केवळ नागलीच टिपली, तरी एका अंड्याची चतुर्थांश गरजही भागत नाही.

मग उरलेले कॅल्शियम कोठून येते? ते तिच्या हाडांतून येते! अंडी घालण्याच्या दिवसांत तिच्या लांब हाडांच्या पोकळीत एक खास साठा तयार होतो. रात्री कवच घडत असता तो रक्तात उतरतो आणि दिवसाच्या चाऱ्यातून पुन्हा भरला जातो. ही भरपाई थांबली की हाडे झिजतात आणि कवच पातळ होते.

पेठच्या धुवाधार पावसात नेमके हेच घडते. कोंबडी कोंडली जाते. किडे, गोगलगायी आणि हिरवा पाला तिला मिळत नाही. अन्नातील कॅल्शियम अंगी लागण्यास ‘ड’ जीवनसत्त्व हवे, आणि ते उन्हावाचून पुरेसे तयार होत नाही. येथील काळ्या पाषाणाचे खडे दाणे दळण्यास उपयोगी पडतात, पण चुनखडीप्रमाणे पोटात विरघळत नाहीत. भर उन्हाळ्यात धापा टाकणाऱ्या कोंबडीचे कवचही पातळ होते. मानमोडीसारख्या रोगात ते वेडेवाकडे येते. अशा वेळी मात्र पशुवैद्यकास दाखविणेच इष्ट.

चाऱ्यातील उणिवेवर उपाय सोपा आहे आणि तो बहुधा उकिरड्यावरच पडलेला असतो. खाल्लेल्या अंड्यांची कवचे धुवावी, तव्यावर चांगली भाजावी आणि अंड्याची ओळख राहणार नाही इतकी बारीक कुटावी. हा चुरा किंवा कुटलेले शिंपले वेगळ्या परळात ठेवावे. कोंबडी आपल्या गरजेपुरतेच टिपते. कोवळ्या पिलांच्या चाऱ्यात मात्र ते मिसळू नये. अधिक कॅल्शियम त्यांना अपायकारक ठरते. पाऊस उघडला की कोंबड्यांना उन्हात सोडावे.

अशी काळजी घेतली की काही दिवसांत डालग्याखाली पुन्हा टणक अंडे दिसू लागते. कोंबडीने आपली हाडे झिजवून घराला दिलेले घराने तिला मूठभर परत केलेले असते. घेणाऱ्याने देणाऱ्याची झीज ओळखावी, एवढेच ते पातळ कवच सांगत होते.