घन, द्रव की वायू?

वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेला उतरून माणिकपूरकडे येताना पूर्वी वह्यापुस्तकांचे एक छोटे दुकान लागत असे. महाविद्यालयात असताना आम्ही तेथून एक कादंबरी घेतली. घरी येऊन वाचू लागलो, तो ११२व्या पानानंतर एकदम १२९वे पान! सोळा पानांचा अख्खा फर्मा बांधणीत गळाला होता. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत नेले. दुकानदारांनी पाने चाळली, "ही प्रत मी प्रकाशकाकडे पाठवतो" असे म्हणत फळीवरची दुसरी प्रत काढून दिली. पावती त्यांनी मागितली नाही. आमच्याकडे ती नव्हतीही. ते पुस्तक त्यांनी छापले नव्हते की बांधले नव्हते. पण ते त्यांच्या फळीवरून आमच्या हाती आले होते, आणि जबाबदारी पत्करायला एवढा संबंध त्यांना पुरेसा वाटला.

हा प्रसंग आम्ही विसरूनही गेलो होतो. तो आठवला आईच्या पुस्तकामुळे.

आईला शस्त्रक्रियेनंतरही बारीक टाइप वाचवत नाही. टॅब्लेटवर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते हे कळल्यापासून तिचे वाचन नव्याने सुरू झाले. एका मोठ्या संकेतस्थळावरून, तेथल्या कोणा विक्रेत्याकडून, आम्ही तिला १४९ रुपयांना एक जुनी, छापील आवृत्ती संपलेली कादंबरी ई-पुस्तकाच्या रूपात घेऊन दिली. ती नुसती वाचीत नव्हती. गावगाड्याचे वर्णन आले, की तिच्या आजीच्या तोंडचा वाडवळी शब्द तिला आठवे आणि त्या ओळीच्या शेजारी ती तो टिपून ठेवी. अशा दीडदोनशे टिपा झाल्या असतील. एके सकाळी तिने विचारले, "अरे, माझं पुस्तक कुठे गेलं?" पुस्तक नव्हते. १४९ रुपये खात्यात परत आले होते. विक्रेत्याकडे प्रकाशनाचे हक्क नसल्यामुळे उत्पादन काढून टाकल्याचे पत्रही आले होते.

चोरीचा माल मालकाकडे परत गेला पाहिजे, याविषयी आमचा वाद नाही. मूळ लेखकाच्या वारसांवरही अन्यायच झाला होता. आमचा प्रश्न टिपांचा होता. तक्रार केली, नियमाप्रमाणे अठ्ठेचाळीस तासांच्या आत पोच आली आणि काही दिवसांनी उत्तर आले, की आम्ही केवळ विक्रेता व ग्राहक यांना जोडणारे माध्यम आहोत, विक्रेत्याशी संपर्क साधावा. विक्रेत्याचे पान तोवर पुस्तकाबरोबरच नाहीसे झाले होते.

असे घडलेले हे पहिलेच उदाहरण नव्हे. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने अमेरिकेतील वाचकांच्या किंडलवरून एक पुस्तक याच कारणाने परस्पर पुसले, आणि ते पुस्तक ऑर्वेलचे 'नाइन्टीन एटी-फोर' असावे हा योगायोग कादंबरीकारालाही रचता आला नसता. एका विद्यार्थ्याच्या अभ्यासाच्या टिपा त्यात निरुपयोगी झाल्या. तो न्यायालयात गेला. कंपनीच्या प्रमुखांनी क्षमा मागितली, पुस्तक टिपांसह परत देऊ केले, नको असेल त्याला तीस डॉलर.

'आम्ही केवळ माध्यम' या वाक्यामागे आपल्याकडेही एक इतिहास आहे. २००४ च्या अखेरीस मुंबईच्या बाझी डॉट कॉमवर एका विद्यार्थ्याने एक अश्लील चित्रफीत विकायला ठेवली. म्हणजे तीही डिजिटल वस्तूच. दिल्ली पोलिसांनी विक्रेत्यावरच न थांबता कंपनीच्या प्रमुखालाही अटक केली. बाजारात कोणी काय आणून मांडले त्यासाठी बाजार चालवणाऱ्याने तुरुंगात जावे का, हा प्रश्न त्यावेळी रास्तच होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ पुढे २००८ च्या दुरुस्तीने रुंदावले गेले आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून मध्यस्थांना मोठे छत्र मिळाले. ते निर्दोष माणसाला वाचवण्यासाठी होते, हे विसरता कामा नये.

पण पुस्तक विकताना हे मध्यस्थ खरोखर मध्यस्थ असतात का? मिक्सर विकला, तर तो विक्रेत्याच्या गोदामातून निघून कुरिअरच्या हातून घरी येतो. एकदा आला की आपला. ई-पुस्तक बाजाराच्या हातून कधी सुटतच नाही. ते साठवणारा बाजार, कुलूप घालणारा बाजार, दाखवणारा बाजार. आणि रात्रीत आमच्या घरात शिरून ते काढून नेणाराही बाजारच. ज्याला वस्तू परत काढून नेता येते, त्याचा वस्तूशी संबंध नाही, हे आमच्या गळी उतरत नाही.

या शंकेने आम्ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चाळू लागलो. २० जुलै २०२० पासून तो लागू झाला. ई-कॉमर्सच्या व्याख्येत 'डिजिटल उत्पादने' हे शब्द स्पष्ट आहेत, हे पाहून हायसे वाटले. पुढे कलम ८६ मध्ये तर आमच्याच मनातले तत्त्व सापडले: वस्तूची रचना, चाचणी, वेष्टन यांवर ज्याचे भरीव नियंत्रण होते, त्याने ती स्वतः बनवली नसली तरी हानीबद्दल तो जबाबदार. मग, सवयीने, 'उत्पादन' शब्दाची व्याख्या पाहिली. उत्पादन म्हणजे वायुरूप, द्रवरूप किंवा घनरूप अवस्थेतील वस्तू. आईचे पुस्तक यांपैकी कोणत्या अवस्थेत होते? शाळेतले विज्ञानाचे गुरुजी आम्हाला आठवले. त्यांनीही उत्तर दिले नसते.

दार अगदीच बंद नाही. वस्तू नाही म्हटले तरी सेवा उरतेच, आणि सेवेतील न्यूनतेबद्दल दाद मागता येते. युरोपीय संघाने मात्र हा प्रश्न सरळ सोडवला. २०१९ च्या त्यांच्या निर्देशानुसार, १ जानेवारी २०२२ पासून, ग्राहकाने डिजिटल वस्तूचा करार संपवला तर त्या वस्तूत त्याने स्वतः निर्माण केलेला मजकूर मागितल्यास त्याला द्यावा लागतो. अपवाद आहेत, पण वाचकाचे लेखन वाचकाचे, एवढे तरी तेथे कोणीतरी कागदावर आणले आहे.

एवढ्याशा रकमेसाठी कशाला, असे आम्हीच म्हणत होतो. आई ऐकेना. ती पुष्कळ वर्षे मुंबई ग्राहक पंचायतीच्या वाटपात होती. १९७५ साली सुरू झालेल्या त्या चळवळीत महिन्याचा किराणा बायकांनी मिळून, मोजून मापून घेतलेला. "कोणीतरी उत्तर द्यायला नको का?" एवढेच तिचे म्हणणे. आता तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यातच करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. आम्ही अर्ज लिहायला घेतला. दिलेली किंमत, १४९ रुपये, हे सोपे होते. मागणी काय, तेथे अडलो. आईला विचारले.

"पैसे आलेत की. शब्द मागून घे," ती म्हणाली.

तसेच लिहिले आहे. तोवर तिने एक दोनशेपानी वही आणवून घेतली असून त्यात जाड स्केचपेनने, एका पानावर चार, अशा हिशेबाने आठवतील ते शब्द ती पुन्हा लिहीत आहे. परवापर्यंत ४१ झाले होते.