झरोक्याचा दगड

सायखेड्यात गोदावरी चढली की नदीकाठच्या घरांत पाणी आधी तळघराच्या झरोक्याला लागतं. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमधले पूर गावाने सोसले. खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा गाळाने भरत चाललेला. पाणी उतरतं तेही सावकाश. म्हणून झरोक्याच्या बुडाचं काम घेताना मी पहिल्यांदा हेच बघतो, की ही जागा बादलीभर पाण्याने धुता येईल ना?

लोकांना ती पांढरीशुभ्र, गुळगुळीत हवी असते. पुट्टी मारून दोन दिवसांत मिळतेही. पण तळघराची भिंत मातीतली ओल ओढते, लोणा फुटतो, पुट्टीचे पापुद्रे सुटतात. जुन्या वाड्याच्या पांढऱ्या मातीच्या भिंतीवर मी सिमेंटचा गिलावाही चढवत नाही. बाजूंना चुनाच, त्यातून ओल बाहेर पडायला वाट राहते. बुडाला मात्र दगड.

कडाप्पा स्वस्त आणि देखणा, कोटाही बरा. पण दोन्ही चुनखडीच्या जातीचे. गाळाचे डाग काढायला फरशीचं ॲसिड ओतलं की त्यांची चकाकी गेलीच. मी ग्रॅनाइटचा आग्रह धरतो, मालक कुरकुरले तरी.

खरं काम दगडाच्या पोटाखाली आहे. पोट छिन्नीने टाचून घ्यायचं, धूळ धुवायची. खाली एकास चारचा माल, त्यावर सिमेंटची रबडी. दगड ठेवला की मधून कडेकडे रबरी हातोडीने ठोकत जायचं. ठोका भरीव वाजला पाहिजे. एका कोपऱ्यात जरी पोकळ वाजला तरी मी दगड उचलून पुन्हा माल भरतो. आमच्याकडे कांद्याच्या गोण्या याच झरोक्यातून आत सरकवतात. पोकळी राहिली तर दगड नेमका तिथे तडकतो.

ढाळ खोलीकडे, दोन सूत. चौकटीशी पाणी थांबलं की लाकूड कुजतं. पुढची कड भिंतीबाहेर इंचभर काढून गोल घासायची, खालच्या अंगाला मशीनने खाच मारायची. ओघळ तिथेच तुटतो, गिलावा कोरडा राहतो. दगड आणि चौकट यांच्या सांध्यात सिमेंट नको. लाकूड फुगतं, आटतं, आणि सिमेंटला भेग पडते. तिथे सिलिकॉनच भरतो.

मग आठवडाभर ओलं गोणपाट. तेवढे दिवस त्या दगडावर मी तुळशीची कुंडीही ठेवू देत नाही.