काष्टा, कोयता आणि लिओटार्ड

तुमच्या जिमच्या बॅगेत काय काय असतं? पाण्याची बाटली, टॉवेल, डिओ आणि अंगाला घट्ट बसणारे ताणले जाणारे कपडे. या कपड्यांचं खानदान शोधायचं तर खरं म्हणजे पॅरिस गाठायला हवं. पण या वीकेंडला आपण जरा वेगळ्या दिशेला जाऊ या. बीड जिल्हा, गेवराई तालुका, गाव उमापूर. दचकू नका, कनेक्शन आहे!

हा मराठवाड्याचा सपाट मुलूख. काळी जमीन, कापूस, जिथं पाणी पोचलंय तिथं ऊस, बांधावर बाभळी. उत्तरेला गोदावरी आणि तिच्या पलीकडे पैठण. इथं हिल स्टेशनचा गारवा नाही आणि रिसॉर्टही नाही. पण या भागातल्या कुठल्याही आठवडी बाजारात कपड्यांच्या पालांपुढे दहा मिनिटं उभे राहा. आजीचं नऊवारी लुगडं, आईची पाचवारी आणि नातीची लेगिंग्ज. फॅशनचा अख्खा इतिहास एकाच दोरीवर लटकलेला!

आता थोडं पॅरिस. १८५९ साली तिथल्या सर्कशीत ज्यूल लिओतार्द नावाच्या तरुणानं एका झोक्यावरून दुसऱ्या झोक्यावर झेप घेतली. अंगात घट्ट विणलेला एकसंध पोशाख. कारण साधं होतं, सैल कपडा झोक्यात अडकला तर जिवावर बेतायचं. तो स्वतः या पोशाखाला नुसतं ‘मायो’ म्हणायचा. ‘लिओटार्ड’ हे नाव त्याच्या मृत्यूनंतर रूढ झालं.

पुढे नर्तकांनी तो उचलला. १९४३ मध्ये अमेरिकेत क्लेअर मॅकार्डेल या डिझायनरनं लोकरी जर्सीचे लिओटार्ड काढले आणि सरावाचा कपडा फॅशनच्या पानावर आला. १९५१ मध्ये बॅलन्शिननं आपल्या ‘द फोर टेंपरामेंट्स’ या बॅलेतला झगमगाट काढून टाकला आणि नर्तकांना सरावाच्या साध्या काळ्या-पांढऱ्या कपड्यांत स्टेजवर उभं केलं. फंडा क्लिअर होता. प्रेक्षकांनी ड्रेस नाही, शरीराची मेहनत बघावी. १९५८ मध्ये लायक्राचा धागा निघाला आणि मग एरोबिक्सपासून तुमच्या योगा क्लासपर्यंतचा रस्ता मोकळा झाला.

याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? १९३८ मध्ये कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सच्या ‘ब्रह्मचारी’त मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या. दिग्दर्शक मास्टर विनायक, लेखक आचार्य अत्रे. केवढा गहजब झाला! गंमत बघा, मेहनतीसाठी अंगालगत बसणारा कपडा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होताच, त्यावर मात्र कुणी चर्चा करत नव्हतं. तो म्हणजे काष्टा.

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. तरी निऱ्या मागे खोचल्या की दोन्ही पाय मोकळे. शेतात वाका, विहिरीत उतरा, फडात गिरकी घ्या, कुठंच अडकायला होत नाही. शिलाई नाही, इलॅस्टिक नाही, साइझचा प्रश्न नाही. बाई जाड होवो की बारीक, पोटुशी असो की बाळंतीण, लुगडं तेच!

पण विसाव्या शतकाच्या मध्यावर शहरातल्या बायका हळूहळू पाचवारीकडे वळल्या. नऊवारी उरली मुख्यतः आजीच्या अंगावर, शेतात आणि तमाशाच्या बोर्डावर. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’नं ती पडद्यावर गाजवली. टाळ्या पडल्या त्या मात्र नखऱ्याला. त्यामागचा घाम कुणी बघितला? विठाबाई नारायणगावकर रंगमंचामागे बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट तमाशाच्या जगात आजही सांगतात.

म्हणून तर उमापूरला यायचं. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दिवाळीच्या आसपास इथल्या गावांतून माणसं कारखान्यांकडे निघतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. बाईच्या अंगावर खोचलेली साडी, वरून नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं. उसाची पात कातडी कापते, म्हणून हा जामानिमा. वर डोक्यावर उसाची मोळी. कुठल्याही डिझायनरनं न काढलेला हा आपल्या मातीतला वर्कवेअर! २०१९ मध्ये या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली, तेव्हा कुठं शहराचं या शरीरांकडे लक्ष गेलं.

लिओटार्ड काय, काष्टा काय, दोन्ही जन्मले कष्टाच्या पोटी. एकाला नाव मिळालं, मासिकांची पानं मिळाली. दुसऱ्याची आता रेडीमेड शिवलेली आवृत्ती निघालीय. पाडव्याच्या शोभायात्रेत गॉगल लावून, बुलेटवर बसून आपण ती मिरवतो. जरूर मिरवा, झकास दिसते! फक्त ज्या बायकांनी ती कामासाठी नेसली, त्यांच्या गावात एकदा जाऊन या.

कसं जाल? पुण्याहून अहिल्यानगर-शेवगावमार्गे गेवराईच्या दिशेनं. छत्रपती संभाजीनगरहून सोलापूर-धुळे महामार्गानं गेवराई, तिथून पश्चिमेला उमापूर. जोडीला गोदाकाठचं राक्षसभुवन करा. शनीचं देऊळ आहे आणि १७६३ मध्ये पेशवे-निजाम लढाई इथंच झाली. पैठणला पैठणीचे मागही बघता येतील. शक्यतो दिवाळीआधी किंवा उन्हाळ्यात जा. हिवाळ्यात या भागातल्या कितीतरी घरांना कुलूप असतं. माणसं उसाच्या फडात असतात.