मोझरीचे भित्रे पाहुणे

अमरावतीहून नागपूरकडे निघालं, की वाटेत गुरुकुंज मोझरी लागतं. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथे आश्रम उभारला. गावात माझी मावशी राहते. सुट्टीत गेलो, तर तिच्याकडे दोन गिनीपिग! कुणीतरी खोक्यात टाकून दिलेले. मी हात घालताच दोघेही गवतात लपले.

"अरे, वरून हात आला का त्याईले घार आल्यावानी वाटते!" मावशी म्हणाली.

मूळ दक्षिण अमेरिकेतला हा जीव. घाबरून खाणं सोडलं, तर जिवावरच बेततं. मग रोज प्रार्थनेहून आलो, की मी कोथिंबीर धरून जमिनीवर गप्प बसायचो. पाचव्या दिवशी एकाने काडी ओढली! निघायच्या दिवशी दुसराही पुढे आला. उचलून घ्यावंसं फार वाटलं. पण मी हात हलवला नाही.