खड्डा आज, रोप पावसानंतर

रायपूरच्या सदर बाजारात सराफांच्या दुकानांमागे एका जुन्या घराच्या परसात हातभर मोकळी जमीन उरली होती. तिथला कडुनिंब वठून गेल्यावर आजींना ती जागा पाहवत नसे. ५ जूनला, पर्यावरणदिनी, कुठल्याशा कार्यक्रमात मिळालेले कडुनिंबाचे रोप घेऊन नातू आला. आजच लावायचे, हा त्याचा हट्ट.

आजींनी कुदळ दिली, पण बजावले, “खड्डा खणून ठेव बाळा. रोप एवढ्यात नको.”

त्यांचे बरोबरच होते. जूनच्या आरंभी रायपूरला पारा चाळिशीच्या वर असतो. पाऊस येतो तो महिन्याच्या मध्याला. पिशवीतून काढलेल्या रोपाची दुखावलेली मुळे पाने सुकण्याआधी पाणी पुरवू शकत नाहीत. रोपे वाटणारे मात्र फोटो काढून मोकळे होतात! १९५० साली कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सवासाठी जुलै निवडला, तो पावसाचा महिना म्हणूनच.

उघडा खड्डा उन्हात तापला की मातीतली कीड कमी होते. दोन-तीन चांगल्या सरी पडल्यावर, माती खोलवर भिजली की शेणखत मिसळून रोप लावावे. पुढचे दोन-तीन महिने मुळांचे. दिवाळीनंतर लावलेल्या रोपाला उन्हाळ्यापूर्वी एवढा ओलावा मिळत नाही.

जुलैत रोप लागले. मग हरेली आली, म्हणजे आपली दिव्यांची अवस. छत्तीसगडात त्या दिवशी दारावर कडुनिंबाची डहाळी खोचतात. ती शेजारून मागून आणली. घरच्या रोपाला आजी हात लावू देतील तर ना!