जाम झालेलें चाक

गेल्या वर्षीं रामनवमीला जांब समर्थला जाण्याचा वहिनींनी हट्ट धरला, तेव्हां आमच्या वाड्याच्या देवडीशेजारीं दोन पावसाळे उभी असलेल्या जुन्या मारुतीची घरांत प्रथमच आठवण निघाली. दादा गेल्यापासून त्या गाडीला कोणीं हात लावला नव्हता. ती विकावी, असें धाकट्याचें मत. वहिनी कांहींच बोलत नसत. मीं मात्र, खरें सांगावयाचें तर, एका भंगारवाल्याशीं गुपचूप बोलणें करून ठेविलें होतें. १९८३ ते २०१४ पर्यंत निघालेल्या ह्या लहानशा गाडीची आतां किंमत ती काय येणार!

नवी बॅटरी घालतांच इंजिन सुरू झालें. पण गाडी कोपऱ्यापर्यंत जाते न जाते तोंच उजवीकडे ओढूं लागली, जळका वास सुटला, आणि पुढच्या उजव्या चाकाशीं हात नेला तों धगीनें मागें घ्यावा लागला. ब्रेक लागला होता तो सुटतच नव्हता.

ह्या गाडीच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात. पायानें दाबलेलें तेल कॅलिपरमधील पेल्यासारख्या पिस्टनास पुढें ढकलतें. पिस्टन पॅडांना फिरत्या तबकडीवर दाबतो. पाय काढला म्हणजे पिस्टनाभोंवतींचें रबरी कडें आपला पीळ सोडून त्यास किंचित् मागें घेतें. परंतु ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि गाडी उभी राहिली कीं त्याच ओलाव्यानें पिस्टनास गंज चढतो. एकांत एक अडकलेल्या वाट्यांसारखी मग त्याची गत होते.

पुतण्यास मदतीला घेऊन मीं चाक काढलें आणि पिस्टनाची कड पकडीनें धरून पिळूं लागलों. तो तसूभरही हलला नाहीं. उलट त्यावर ओरखडे मात्र उमटले. मग मीं रॉकेलची बाटली मागविली. तेवढ्यांत नव्या जालन्यांतले एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांनीं बाटली आधीं बाजूला ठेवली. "रॉकेलनें आंतलीं रबरें फुगतात," ते म्हणाले. "साहेब, इथें ताकद नको, दाब पाहिजे."

त्यांनीं पॅडांच्या जागीं लांकडाचा ठोकळा बसविला, कॅलिपर नळीवर लोंबूं नये म्हणून तारेनें बांधला, डावीकडचा होता तसाच ठेविला, आणि पुतण्यास पेडल सावकाश दाबावयास सांगितलें. ज्या तेलानें पिस्टन अडकविला, त्याच तेलाच्या दाबानें तो केसकेस पुढें सरकूं लागला. हवेच्या नळीनें हें काम करणारे आहेत. पण तसा पिस्टन गोळीसारखा सुटतो, आणि बोटें मधें असलीं तर त्यांची खैर नाहीं. ठोकळ्यास टेकलेला पिस्टन शेवटीं हातानें बाहेर आला. गंजाचे खड्डे आणि माझ्या पकडीचे ओरखडे पाहून मिस्त्री हंसले. नवा पिस्टन आणावा लागला. दोन्ही बाजूंचीं रबरी कडीं बदललीं आणि तीं नव्या ब्रेक ऑइलनेंच ओलीं करून बसविलीं. जुनें तेल चहासारखें काळें निघालें. ताज्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सियस असतो. ओलावा शिरला म्हणजे तो पुष्कळच खालीं येतो, आणि उतारावर तेलाची वाफ होऊन ब्रेक पोकळ पडण्याचें भय राहतें.

शेवटीं नळ्यांतली हवा काढावयाची होती. मिस्त्रींच्या हातीं पाना, पुतण्याच्या हातीं बाटली, माझ्याकडे तेल ओतण्याचें काम. पेडलला माणूस उरला नाहीं. तेव्हां वहिनी पदर खोचून पुढें झाल्या आणि दादांच्या जागेवर प्रथमच बसल्या. "दाबा... धरा... आतां सोडा," असें मिस्त्री सांगत गेले, आणि त्यांनीं तें एकदांही चुकविलें नाहीं.

रामनवमीस आम्हीं निघालों. वाटेंत उतरून मीं दोन्ही चाकांशीं हात नेला. ऊब सारखीच होती. मग मला राहवेना. भंगारवाल्याची गोष्ट मीं वहिनींना सांगून टाकली.

"मला ठाऊक होतें, भावजी," त्या खिडकींतून बाहेर पाहत म्हणाल्या. "म्हणून तर जांबेचा हट्ट धरला."

आतां दर आठवड्यास गाडी फिरते, आणि तेल दोन वर्षांनीं बदलावयाचें असें कॅलेंडरावर वहिनींच्या हातानें लिहिलेलें आहे.