७.६ ची गोष्ट पोरांना सांगा

प्रिय स्वप्नील कुसाळे यांस,

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुम्ही ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक जिंकलंत. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवायला ७२ वर्षं लागली. त्या दिवसाचं कौतुक तुम्हाला भरपूर मिळालं. हे पत्र दुसऱ्या एका दिवसासाठी आहे.

हांगझौ, सप्टेंबर २०२३. आशियाई स्पर्धेच्या वैयक्तिक अंतिम फेरीत तुम्ही बराच वेळ आघाडीवर होता. उभ्याने नेम धरताना एक गोळी ७.६ गुणांवर गेली आणि तुम्ही चौथे आलात. आमच्या पोरांना पॅरिसपेक्षा तो दिवस जास्त उपयोगाचा आहे.

मी आर्णीत शाळेतल्या मुलामुलींना कबड्डी शिकवतो. तालुका जिंकला की जिल्ह्यासाठी यवतमाळ, तिथून विभागासाठी अमरावती, मग राज्य. जसजसं पुढे जावं तसतसं पोरांचं जेवण कमी होतं. सामन्याच्या सकाळी पोट बिघडतं, हात गार पडतात. सरावात सहज बोनस गुण आणणारी मुलगी मधली रेषा ओलांडते आणि तशीच परत येते. तिच्या डोक्यात फक्त हार नसते. दहावीचे क्रीडा सवलतीचे गुण असतात, पुढच्या सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण असतं, आणि सोयाबीन हातचं गेलेल्या वर्षीही बापाने घेऊन दिलेले बूट असतात. अशा पोरीला रेषेबाहेरून कोणीतरी ओरडतं, "घाबरतेस कायले?" त्याने भीती जात नाही. ती लपवायची असते, एवढंच तिला कळतं.

तुम्ही मात्र लपवली नाहीत. पदकानंतर सरळ सांगितलंत की पोटात काळ्या चहाशिवाय काही नव्हतं, ठोके जोरात पडत होते, तुम्ही श्वास सांभाळलात आणि वेगळं काही करायला गेला नाहीत. घाबरलेला माणूसही पदक जिंकतो, ही आमच्या पोरांसाठी मोठी बातमी होती.

धोका जाणवला की शरीरात अ‍ॅड्रेनलिन सुटतं. चढाईत पायांना वेग तेच देतं, बोटंही तेच थरथरवतं. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दिला की ठोके हळूहळू उतरतात. हे सामन्याआधीच अंगवळणी पडावं म्हणून आम्ही भीती सरावातच आणतो. शेवटचं मिनिट, गुण बरोबरीत, 'करो या मरो' चढाई, आणि सगळी शाळा भोवती ओरडतेय. चढाईआधी प्रत्येकीने ठरलेलंच करायचं: मैदानाला हात, एक लांब उच्छ्वास, मग दम. भीती वाटत असेल तर तसं मोठ्याने म्हणायचं. बहुतेकींना फरक पडतो.

सगळ्यांना पडत नाही. कुणाची झोप आठवडे उडते, कुणाला खेळच नकोसा होतो. तिथे शिट्टीवाल्या मास्तरने डॉक्टर होऊ नये. टोकियोत सांघिक अंतिम फेरी मध्येच सोडणाऱ्या जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने पॅरिसमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकली, आणि सांघिक फेरीच्या सकाळीही आपण थेरपिस्टशी बोललो हे तिने जाहीरपणे सांगितलं. आमच्यासारख्या गावातल्या शाळांपर्यंत खेळाचा मानसतज्ज्ञ पोहोचत नाही. मी पालकांना मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक देतो. पण पोरीला 'डोक्याच्या डॉक्टर'कडे नेलं तर लोक काय म्हणतील, या विचाराने बरेच जण फोन लावत नाहीत.

त्यांचा संकोच तुमच्या शब्दाने मोडेल. तुम्ही शाळेत शिकवणाऱ्या वडिलांच्या घरातून, कांबळवाडीसारख्या लहान गावातून, क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आलात; आमच्या लोकांना तुम्ही आपले वाटता. जिथे सत्काराला जाल तिथे पदक दाखवाच, पण आधी ७.६ सांगा. त्या रात्री झोप लागली का, कोणाशी बोललात, तुमच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे मॅडम काय म्हणाल्या, पुढचे दहा महिने मनावर काय काम केलंत, ते सगळं सांगा. जमलं तर आर्णीला या. नाही जमलं तर पाच मिनिटांचा व्हिडिओ पाठवा. शालेय स्पर्धा सुरू होण्याआधी तो मी तालुक्यातल्या शाळाशाळांतून दाखवीन, पोरांना आणि त्यांच्या आईबापांनाही.

आपला,
आर्णीतला एक कबड्डी शिक्षक